टिपूरच्या आईची कोरी ओळ

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. बालाघाटच्या बाजारातून गोपाळकृष्ण सरांनी मला मोठ्या हौसेनं आणलं. सर मुलांसाठी अद्भुत गोष्टी लिहितात. सागाच्या पानांचे पंख असलेली त्यांच्या गोष्टींमधली मुलगी टिपूर इकडच्या पोरांची भारी लाडकी. तिची सगळी माहिती मी सांभाळायची, असं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी टिपूरच्या डोळ्यांचा रंग लिहिला, नावडती भाजीसुद्धा लिहिली. ‘आई’ लिहून पुढची ओळ मात्र कोरी सोडली; म्हणाले, नंतर ठरवू. मग नव्याची नवलाई संपली आणि माझी रवानगी डगमगत्या मिक्सरखाली झाली.

मला न उघडताच सर लिहीत गेले. पहिल्या पुस्तकात टिपूरची आई तिला सोडून गेली, दुसऱ्यात वारली, तिसऱ्यात मायलेकींची जत्रेत चुकामूक झाली. “पोरं कुठं एवढं बघतात!” असं ते हसून म्हणायचे.

गेल्या रविवारी वारासिवनीहून पुष्पलताबाई नावाच्या एक बाई सरांची सही घ्यायला आल्या. सोबत बहिणीची मुलगी अपेक्षा, नऊ वर्षांची, काखेत तिन्ही पुस्तकं.

“हिची माय हिले माह्याकडे ठेवून गेली, तीन वर्सं झाली,” बाई दारातच हळू आवाजात बोलल्या. सर सहीसाठी पेन शोधत होते. त्यांनी नुसती मान डोलावली.

अपेक्षानं तिन्ही पुस्तकं उघडून मांडली. “सर, तीन ठिकानी तीन गोष्टी हायेत. खरी कोनती?”

सरांचा चेहरा पडला. चूक कबूल करायची सोडून त्यांनी मला मिक्सरखालून ओढलं, पीठ झटकलं आणि त्या कोऱ्या ओळीवरून बोट फिरवत वाचल्याचं सोंग केलं. “हे बघ, इथं पक्कं लिहिलंय. चुकामूकच झाली. आई तिला अजून शोधतेय.”

पोर एकदम खुलली. “मंग माही माय बी मले शोधून राह्यली असन? तिले मावशीचं घरच सापडत नसन!”

पुष्पलताबाईंनी मान खाली घातली. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“हौ,” ते कसेबसे म्हणाले.

निघताना अपेक्षानं माझ्या पुठ्ठ्याला हात लावून कपाळाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कोरी होते हो, आणि माझीच साक्ष काढली गेली!

तेव्हापासून मी टेबलावर आहे. सर रोज पेन उघडतात, त्या ओळीपाशी थांबतात, पुन्हा टोपण लावतात. लाज त्यांनाही वाटतेय, दिसतं मला.

सर, आता माझ्यात काही लिहू नका. वारासिवनीची बस पकडा. त्या लेकरासमोर बसून सांगा की मी खोटं बोललो, टिपूरच्या आईचं काय झालं ते मलाच ठाऊक नव्हतं. ती रागावेल, रडेल, रडू द्या. पण आजच जा. पोर दारात बसून वाट बघत असेल.