पट्ट्याची शिवण

तिने पट्ट्यावर कात्री धरली आणि सगळा जोर लावून दाबली. बाळाच्या डुलत्या खुर्चीचा पट्टा मधोमध तुटला.

"चांगल्या वस्तूला कात्री लावतेस? हात कसा धजतो गं तुझा?" सासूबाई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. फाटलेलं सांधण्यात त्यांची हयात गेली होती.

"कंपनीनंच सगळ्या खुर्च्या बाद केल्यात, आई. कितीतरी आईबापांनी मिळून खटला भरला होता. पट्टा कापून फोटो पाठवला की भरपाई मिळणार."

"एवढ्याशा पट्ट्यापायी खटला!"

"पट्टा नाही हो. त्यात झोपलेल्या बाळाचा..." तिची नजर सतरंजीवर पालथं पडायला धडपडणाऱ्या लेकाकडे गेली.

"पुरे. भरल्या घरात अभद्र बोलू नये."

तिलाही सुटल्यासारखं झालं. तिने फोटो काढला, खुर्ची जिन्याखाली भंगारात नेऊन ठेवली. यथावकाश भरपाई आली आणि विषय मिटला.

नणंदेचं बाळ पाहायला सगळे गेले, तेव्हा नणंदेनं दारातच ओठांवर बोट ठेवलं.

"वहिनी, हळू हं. आत्ताच डोळा लागलाय तिचा. आईनं दिलेल्या खुर्चीत काय गुणी झोपते!"

तिने हातातली पिशवी तिथेच टाकली आणि आतल्या खोलीकडे धावली.

तीच हिरवी खुर्ची. तेच सशांचं कापड. पट्ट्याच्या मधोमध मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक, देखणी शिवण. आणि बाळाची मान पुढे कललेली, हनुवटी छातीत रुतलेली.

पट्टा कधी सोडला, तिला कळलंच नाही. बाळ तिच्या हातात ओल्या फडक्यासारखं लोंबलं.

"ए बाळा. ए..." तिने तळपायावर टिचकी मारली. काहीच नाही. पुन्हा मारली.

बाळानं आ वासून श्वास ओढला आणि टाहो फोडला.

"झोपलेलं मूल कुणी असं ओढून काढतं?" नणंद तणतणत आली. "खुर्ची द्यायची नव्हती तर तसं सांगायचं होतंस!"

"पट्ट्याला भ्यालीस होय?" मागून सासूबाई हसल्या. "अगं, दुहेरी टीप मारलीय. हत्ती टांगलास तरी माझी शिवण उसवायची नाही."

तिने बाळाला छातीशी धरलं.

"आई, खोट पट्ट्यात नव्हतीच. कुणी परत वापरू नये म्हणून तो कापायला सांगितला होता." तिने बाळाची मान तळव्यात सावरली. "या खुर्चीत मान पुढे पडते. श्वास कोंडतो. काही बाळं... उठलीच नाहीत."

बाळाला घ्यायला पुढे आलेले नणंदेचे हात तसेच थिजले. बाळ जिवाच्या आकांताने रडत होतं आणि कुणीही त्याला गप्प करत नव्हतं.

सासूबाई खुर्चीपाशी खाली बसल्या. पर्समधून त्यांनी आपली छोटी कात्री काढली आणि शिवणीवर धरली. पाती घसरली. पुन्हा धरली, टीप इतकी घट्ट बसली होती, की धागा पात्यात येईना.

"तुटत नाही गं," त्या म्हणाल्या.