चमचाभर तेल

थंडीत गवत वाढायचं थांबलं की सासरे गवत कापायचं मशीन साफ करून जिन्याखाली ठेवत. चार महिने ते तिथेच राही. यंदा सासरे हॉस्पिटलात होते, म्हणून हे काम सुनेकडे आलं. मुलाकडे आलं नाही, कारण त्याच्या हातात पाना दिला की पानाच बिचकतो, असं सासऱ्यांचं मत होतं आणि मुलालाही ते मान्य होतं.

मुलाने बायकोला एकच गोष्ट बजावली होती. डॉक्टरांनी सोमवारी जे सांगितलं ते बाबांना कळता कामा नये. फार तर दोन महिने, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून तो रोज वॉर्डात जाऊन रिपोर्ट चांगले आल्याचं सांगत होता. विषय निघालाच तर तिनेही तेच सांगायचं होतं.

शनिवारी दुपारी तिने मशीन मागच्या अंगणात काढलं, सासऱ्यांना फोन लावून तो पालथ्या बादलीवर ठेवला आणि स्पीकर चालू केला. सासऱ्यांनी आधी टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायला सांगितलं. तो आवाज ऐकून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने त्यांना विचारलं म्हणे, घरी विमान आहे का तुमच्या. आहे, आणि सून चालवते, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत ती पाना धरून उभी राहिली.

इंजिन गचके खात बंद पडलं. तिने जुनं तेल गरम असतानाच डब्यात काढलं, नवं भरलं. पातं चुकून फिरू नये म्हणून स्पार्क प्लगची टोपी ओढून काढली आणि कार्बोरेटरची बाजू वर ठेवून मशीन आडवं केलं. भलत्या बाजूला कललं तर तेल फिल्टरमध्ये शिरतं, हे तिला पाठ होतं. सात वर्षं ती शेजारी उभी राहून बघत आली होती. पात्याभोवती चिकटलेलं सुकं गवत तिने लाकडी पट्टीने खरवडलं आणि मशीन सरळ केलं. दरवर्षी एवढं झालं की वर जुनी चादर पडायची आणि काम संपायचं.

"आता प्लग काढ," सासरे म्हणाले. "आणि त्या भोकातून चमचाभर तेल आत सोड."

"हे तुम्ही कधी करत नव्हता, बाबा."

"चार महिन्यांसाठी लागत नाही. जास्त दिवस पडून राहणार असेल तर घालावं. आत गंज धरत नाही."

"थंडी सरली की काढायचंच आहे ना."

"कोण काढणार?"

रिपोर्टचं वाक्य तिने सकाळी भांडी घासताना दोनदा म्हणून पाहिलं होतं. आता ते न म्हणता तिने पाना प्लगवर बसवला.

"त्याला विचारण्यात अर्थ नाही," सासरे म्हणाले. "खोटं बोलताना तो माझ्या पायांकडे बघतो. लहानपणापासूनची खोड आहे. तू सांग. किती म्हणाले?"

"दोन महिने. फार तर."

फोनमधून वॉर्डातल्या ट्रॉलीची चाकं ऐकू आली, मग तीही लांब गेली. फोन चालू आहे का ते तिने वाकून पाहिलं. चालू होता.

"सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं होतं, उन्हाळा तरी बघेन."

तिने प्लग काढला, तेल सोडलं. त्यांनी सांगितलं तशी दोरी दोनदा हळू ओढली, म्हणजे तेल आत सगळीकडे लागतं. मान वर केली तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो पायरी उतरून आला आणि बादलीशी उकिडवा बसला.

"बाबा," तो म्हणाला.

"आज रिपोर्ट-बिपोर्ट सांगू नकोस," सासरे म्हणाले. "नुसता येऊन बस."

भेटीची वेळ सहाला सुरू व्हायची. तो चारलाच निघाला.