रुकू नसलेली नमाज

नबीलनं चपला काढल्या, पायानंच मागे सारल्या आणि पहिल्या ओळीत मशिदीत अजान देणाऱ्या अयूबचाचांच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहिला. मौलानांच्या पुढ्यात त्याच्या अब्बांचा जनाजा ठेवलेला होता. राजुऱ्याच्या कब्रस्तानात ऊन चढत होतं. खिशातून काढलेली टोपी त्याच्या डोक्याला नीट बसत नव्हती, कारण ती अब्बांची होती.

एकोणीस वर्षांनी तो नमाजेला उभा राहत होता, आणि तेही मनात नसताना. मागे उभं राहायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. मागे निंबाखाली अब्बांची गैरमुस्लीम गिऱ्हाइकं उभी होती. जंगलाकडच्या गावातला सुकलू होता. अब्बांनी त्याच्या विहिरीवरची जळालेली मोटार तांब्याची तार गुंडाळून चार वेळा बांधून दिली होती. बातमी कळताच तो पहाटेच्या एसटीनं आला होता आणि त्याच्या पद्धतीनं हात जोडून उभा होता. कोणी त्याला पुढे ये म्हणालं नाही आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नबीलला त्याचा हेवा वाटला.

पण सकाळी अम्मीनं त्याचा हात धरला होता. खैरुनबी कधी कोणाचा हात धरणाऱ्यातली बाई नव्हती.

"तुले जे मानायचं ते मान," ती म्हणाली. "नागपुरात जाऊन मान. आज पोरगा मागं उभा राह्यला तं गाव काय म्हणंल? एक दिवस माही लाज राख."

त्यानं लाज राखायची ठरवली. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, "देव नाही असं मी म्हणत नाही, आहे असं मानायला मला कारण सापडत नाही," असं स्टाफरूममध्ये शांतपणे, आणि खरं सांगायचं तर थोडं मिजाशीत सांगणारा नबील पहिल्या ओळीत जाऊन उभा राहिला. सोपं तर होतं. शेजारचा करील तसं करायचं. बारा वर्षांचा होईपर्यंत तो याच अयूबचाचांच्या शेजारी उभं राहून नमाज शिकला होता.

मौलाना वळून काहीतरी सांगत होते. चार तकबिरी, म्हणजे चार वेळा "अल्लाहु अकबर", काय वाचायचं, काय नाही. नमाजेआधी ते सगळ्यांनाच सांगतात, कारण जनाज्याची नमाज रोजच्यासारखी नसते आणि माणसं विसरतात. नबीलनं ऐकलं नाही. त्याचं सगळं लक्ष आपण कसे दिसतो याकडे होतं.

पहिल्या तकबिरीला त्यानं हात कानांपर्यंत नेले आणि बेंबीवर बांधले. जमलं. मान खाली घातली. अब्बांच्या कफनाचं एक टोक वाऱ्यानं हलत होतं. दुसऱ्यांदा "अल्लाहु अकबर" कानावर पडलं आणि त्याचं शरीर, त्याला न विचारता, कमरेत वाकलं. हात गुडघ्यांवर गेले. नजर पायांच्या बोटांवर आली.

आणि मग त्याला कळलं की ओळीत दुसरं कोणीच वाकलेलं नाही.

जनाज्याच्या नमाजेत रुकू नसतो. वाकायचं नसतं, कपाळ टेकून सजदा करायचा नसतो. उभ्यानंच सगळं. हे मशिदीच्या दारात खेळणाऱ्या शेंबड्या पोरांनाही माहीत असतं. नबीलच्या कानशिलांतून गरम काहीतरी खाली उतरलं. मागे सात ओळी होत्या. त्याला वाटलं, सात ओळींना त्याची पाठ दिसत होती, अब्बांची टोपी दिसत होती, सगळं ढोंग उघडं पडलेलं दिसत होतं. वर यायलाही त्याला जमेना.

तेवढ्यात शेजारी हाड वाजल्याचा आवाज झाला. अयूबचाचा वाकले होते. बहात्तर वर्षांचा माणूस, कंबरदुखीनं घरी खुर्चीवर बसून नमाज पढणारा, तो सावकाश पूर्ण वाकला. त्यांचं पांढरं डोकं नबीलच्या डोक्याशेजारी आलं. श्वासाभराचा वेळ दोघं तसेच राहिले. मग चाचांचं कोपर नबीलच्या दंडाला लागलं, आणि त्या कोपरानं जणू त्याला वर उचललं. दोघं बरोबर उभे झाले. तिसरी तकबीर झाली, चौथी झाली, सलाम फिरला.

माती देऊन झाल्यावर नळापाशी हात धुताना कोणीतरी विचारलंच.

"चाचा, हे काय झालं? तुमी रुकूत कसे गेले?"

"वय झालं बाप्पा," चाचा म्हणाले. "ध्यान नाई राह्यलं. माह्या मागं हा पोरगाही वाकला बिचारा."

माना खाली असल्यामुळे आधी कोण वाकलं हे कोणालाच नक्की दिसलं नव्हतं. लोकांनी नबीलकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थट्टा नव्हती, नुसती कणव होती. बाप गेलेला, भान कुठलं असणार, म्हाताऱ्याला पाहून वाकला. एकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. नबीलनं नळ बंद केला, पुन्हा उघडला, आणि धुतलेलेच हात पुन्हा धुतले.

बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण अम्मीची लाज होती. निदान त्यानं स्वतःला तसं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी घरी अब्बांच्या नावानं फातिहा पढली गेली. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. नबीलची बहीण जोया आतून चहाचे ग्लास भरून देत होती आणि तो ट्रे घेऊन फिरत होता. मशिदीच्या कमिटीचे सदर हार्डवेअरचे दुकानदार होते, माणूस भला होता. त्यांनी चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चाचा, बुरा नका मानू. चाळीस वर्षं झाली तुमी अजान देऊन राह्यले. आता आराम करा. परवाच्या दिवशी जे झालं ते झालं, पण उद्या अजानीत काई पुढं-मागं झालं तं लोक बोलतील. बाजूच्या गल्लीतला एक पोरगा तयार आहे."

एकेचाळीस वर्षं. सदरांच्या हिशेबात एक कमी होतं. राजुऱ्याची ती गल्ली अयूबचाचांच्या आवाजावर उठायची, दुकानं बंद करायची, डबे खायची. त्यांचा गळा फार काही गोड नव्हता. दुसऱ्या "हय्या अलस्सलाह"ला त्यांचा श्वास संपायचा आणि ते मध्येच थांबून पुन्हा घ्यायचे. अब्बा मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता त्या ठिकाणी स्वतःही श्वास घ्यायचे आणि हसायचे. चाचांची बायको गेली तेव्हाही दुपारची, जोहरची अजान त्यांनीच दिली होती. त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतंच.

चाचांनी ट्रेमधला ग्लास उचलला. ट्रे नबीलच्या हातात होता. चाचांनी वर पाहिलं, त्याच्या डोळ्यांत क्षणभर पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"ठीक आहे," ते सदरांना म्हणाले. "तुमी म्हणता तं ठीक आहे."

नबीलच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं होतं. त्यानं ट्रे पुढच्या माणसापुढे धरला.

एकोणीस वर्षांपूर्वी तो अब्बांच्या दुकानात गेला होता आणि छाती पुढे काढून म्हणाला होता, "माझा आता विश्वास नाही. मी खोटं खोटं नमाज पढणार नाही." तो भांडणाची तयारी करून गेला होता. मुद्दे पाठ होते. अब्बांनी हातातली गुंडाळी खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे पाहिलं. "खोटं नको करू म्हणजे झालं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले. मुद्दे तसेच राहिले. त्या एका वाक्यावर नबील एकोणीस वर्षं ताठ मानेनं जगला होता. इतरांना देव असतो, आपल्याकडे खरेपणा आहे, असं त्याला वाटायचं. आणि आता त्याच खरेपणाची ही गत झाली होती.

चौथ्या दिवशी पहाटे अजान झाली. आवाज कोवळा होता, सुरेल होता, कुठेही अडखळला नाही. नबील अंथरुणात उठून बसला. अम्मी आधीच उठली होती. भिंतीला टेकून ती ऐकत होती. नवरा गेल्यावर पाळायची इद्दत सुरू झाल्यामुळे चार महिने दहा दिवस तिला उंबरठ्याबाहेर जायचं नव्हतं.

"आयूबभाई नाईत," ती म्हणाली.

"हो."

"तुह्या अब्बांनंतर आता तेही नाई ऐकू यायचे."

मग त्याला ते पोटात ठेवता येईना.

"अम्मी, चाचा नाही चुकले. मी वाकलो. मी आधी वाकलो, मग ते."

ती रडेल किंवा तोंडावर पदर घेईल असं त्याला वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "जोयानं बायांकडून ऐकून सांगितलं तवाच समजलं. आयूबभाई तापात बडबडले तरी नमाज बरोबर बडबडतील. नमाजेत चुकायचे नाईत ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहून राह्यली होती." तिनं भिंतीची टेक सोडली. "माही लाज राख म्हणली होती म्या. त्यांची घे नव्हती म्हणली. जा."

तो गेला. चेहराही धुतला नाही. मशिदीच्या दाराशी पोहोचला तेव्हा फजरची नमाज संपून माणसं बाहेर पडत होती, चपला शोधत होती. आठ-दहाजण असतील. सदर पायरीवर उभे होते.

"सदरसाहेब, रुकूत मी गेलो होतो," नबील म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "चाचा नाही. मला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून ते वाकले."

माणसं थांबली. कोणीतरी एक पाय चपलेत आणि एक बाहेर असा उभा राहिला.

"भुलला असशील बेटा," सदर म्हणाले. "बाप गेल्यावर माणसाले सुधरत नाई."

त्यांनी सुटकेचं दार उघडं ठेवलं होतं. तेवढ्यातून निघून जाता आलं असतं.

"भुललो नाही. मी नमाज पढतच नाही. एकोणीस वर्षं झाली. माझा विश्वास नाही त्यावर. अम्मीसाठी उभा राहिलो आणि मला काय करायचं तेही आठवलं नाही."

मागून कोणीतरी पुटपुटलं. एकजण चपला घालून त्याच्या अंगाला अंग लागू नये अशा बेतानं निघून गेला. नळापाशी पाठीवर हात ठेवणारा होता तोच. नबीलचा चेहरा तापला होता. खरं बोलल्यावर मोकळं वाटतं असं तो विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचा. त्याला अजिबात मोकळं वाटत नव्हतं. आपल्या घराचं छप्पर स्वतःच उचलून लोकांना आत पाहायला बोलावल्यागत त्याला वाटत होतं, आणि आत अम्मी बसलेली होती.

अयूबचाचा सगळ्यांत शेवटी बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं.

"काऊन सांगितलं बे?" ते चिडूनच म्हणाले. त्यांना चिडलेलं नबीलनं कधी पाहिलं नव्हतं. "झाकलं होतं नं म्या? चांगलं झाकलं होतं."

"तुमची अजान गेली चाचा."

"जाऊ दे नं. वाजिदचा पोरगा हाय तू. माह्या बाजूले उभा होता. तुले एकट्याले वाकलेला कसा ठेवू मी?" ते काठी टेकत घराकडे निघून गेले.

सदर अजून पायरीवरच उभे होते. मग नबीलकडे न पाहता, जणू भिंतीला सांगावं तसं, म्हणाले, "जोहरले चाचाले सांगून पाठवतो."

दुपारी नबीलनं अब्बांच्या दुकानाचं शटर वर केलं. दुकान मशिदीसमोरच होतं. आत बाकावर कोणाची तरी मोटार अर्धी बांधून राहिली होती, तांब्याची तार गुंडाळीतून बाहेर लोंबत होती. तो ती हातात घेऊन बसला. गल्लीतून जाणारे दोघे-तिघे नेहमीसारखे आत डोकावले नाहीत. गावात बातमी त्याच्या आधी फिरून आली होती.

मग भोंगा खरखरला. अजान सुरू झाली. आवाज म्हातारा होता. दुसऱ्या "हय्या अलस्सलाह"ला तो संपला, थांबला, आणि तेवढ्यापुरता नबीलचाही श्वास थांबला. मग चाचांनी पुन्हा घेतलं. नबीलला देव आठवला नाही. त्याला हसणारे अब्बा आठवले, आणि तोंडावर पालथा हात धरून तो तसाच बसला.

अजान संपल्यावर चाचा मशिदीच्या दारात आले. त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. हात हलवून बोलावलं. नबील उठून पायरीपर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

"आत येत नाईस. माहीत आहे मले," चाचा म्हणाले. "येऊही नको उगीच."

"हो."

"मंग रिकामा काऊन बसला? चपला पाह्य लोकांच्या. मागच्या जुम्म्याले दोन जोड गेले."

ते आत गेले. माणसं येत राहिली. काहींनी त्याला पाहून चपला थोड्या लांब काढल्या, काहींनी नेहमीच्या जागी. नबील पायरीच्या कडेला, उन्हात बसला. आतून तकबीर ऐकू आली, सगळे वाकल्याची सळसळ झाली. त्यानं मान वर केली नाही. समोर चाचांच्या चपला होत्या. उजव्या चपलेचा अंगठा कधीतरी तुटला होता आणि तो कोणीतरी तांब्याच्या तारेनं, मोटार बांधावी तशा बारीक, एकाला एक लागून वेढ्यांनी बांधून दिला होता. नबीलनं ती चपल उचलली, धूळ झटकली आणि जोडीनं नीट सरळ ठेवली.