राहीबाईची मागची भिंत

डोझर माज्या हातात असताना दुसऱ्याची भिंत पडली, असं वीस वर्सांत एकदाच झालं. लष्करात चालवला, पेन्शनीत आल्यावर कंत्राटदाराकडं चालवला, कुठं ओरखडा न्हाई. आन पडली ती सांगलीत, गावभागात, भर पंचमीच्या दिवशी. लोक म्हनले, नागोबा कोपला. कसला नागोबा! कुनी पाडली ते मला ठावं हाय.

त्र्याहत्तर साल. लालासाहेब हळदवाल्याच्या परड्यात मातीचं जुनं गोदाम हुतं, अर्धं ढासळलेलं. ते पाडून जागा साफ करायची. परडं केवढं? डोझर आत घातला की मानसाला कडंनं जायाला अंग चोरावं लागायचं. डाव्या हाताला राहीबाईची मागची भिंत, पांढऱ्या मातीची, पोटात फुगलेली. म्हातारीचं घर म्हंजे एकच खोली, आन तिचं सगळं आढं त्याच भिंतीवर. भिंत गेली की म्हातारी रस्त्यावर. लालासाहेबानं पयल्याच दिवशी बजावलं, "जोतीराम, तिकडं धक्का लागता कामा नये." मी म्हनलं, "मालक, मी काय नवशिका हाय व्हय?"

डोझरवर बसल्यावर ब्लेडच्या म्होरलं काय बी दिसत न्हाई. म्हनून एक गडी समोर हुबा करायचा. त्यो हातानं बोलावतोय तंवर जायाचं, मूठ केली की थांबायचं. आपल्या डोळ्यावर न्हाई, त्येच्या हातावर चालायचं. लष्करात ह्ये अंगात मुरवत्यात. माजा गडी धुळा. दोन दिवस त्येनं झकास काम केलं, आन पंचमीला पठ्ठ्या शिराळ्याला नाग बघायला पळाला. गल्लीत दुसरा कोन बघावा तर जो तो अंग काढून घेतोय. पंचमीला जमीन उकरत न्हाईत, घरात इळीसुदिक चालवत न्हाईत. आन मशीन तर दुसऱ्या दिवशी पाटणला द्यायचं. मी एकटाच शिव्या हासडत बसलो.

तवर राहीबाई ताटलीत पुरनाची दिंडं घिऊन आली. "खा बाबा. घरी कोन हाय तुज्या?"

"कोन न्हाई, मावशी. मी सिक्कीमला हुतो तवा बायको गेली. तार मिळाली तवर दिवसकार्य बी झालं हुतं. पोरबाळ न्हाई."

"सनाचं एकट्यानं खानं लय वाईट रं," ती म्हनली.

गल्लीत माहेरवाशिनी आल्या हुत्या, झोक्यावर गानी चालली हुती, आन आमी दोगं मातीच्या ढिगावर.

तिचा ल्योक मानसिंग पुण्याला कारखान्यात. चार वर्सं फिरकला न्हवता. "दर पत्रात लिवतो," ती म्हनली, "आई, घर हाय तंवर तितं ऱ्हा. पडलं की तुला हिकडं घिऊन येतो."

"मंग बरं हाय की."

"बरं हाय," ती म्हनली. मंग ताटली उचलत म्हनली, "मी हुबी ऱ्हाती तुज्या म्होरं. हात कसा करायचा तेवढं दाव."

पंचमीला म्हातारी बाई जमीन उकरायला हुबी ऱ्हाती म्हनती! तितंच माज्या डोक्यात उजेड पडायला पायजे हुता. पर मला मशीनची घाई.

शिकली मातुर चटशिरी. दुपारपतुर धुळापेक्षा झ्याक काम केलं तिनं. मधी एकदा पानी पिऊन येते म्हनून घरात गेली, ती बराच वेळ आली न्हाई. आली ती घामानं थबथबलेली. मी म्हनलं, दमली आसंल.

भिंतीलगतचा ढीग तेवढा ऱ्हायला. ती बोलवत हुती, मी जात हुतो. इंजनाच्या आवाजात बी मला कायतरी करकरल्यागत वाटलं. मी थांबलो, मान वर काढून बघितलं. हात बोलवतच हुता. तोंड मातुर दुसरीकडं. मी आनि दोन हात म्होरं सरकलो, आन भिंत आढ्यासकट आत बसली.

उडी टाकून पळत गेलो. धुरळा खाली बसला तसं आत बघितलं. पयल्या दिवशी पानी प्यायला गेलो तवा त्या भिंतीला भांड्यांची फळी हुती, देव्हारा हुता, अंथरूनाची वळकटी हुती. आता तितं एक वाटी न्हाई. समदं पुढच्या ओट्यावर, ट्रंक बांधलेली, वर देवाचं गठुळं.

मस्तकच फिरलं माजं. "मावशी, माज्या हातनं करून घेतलासा व्हय ह्ये?"

"वरडू नगं," ती म्हनली. "मानसिंगला तार कर. घर पडलं, न्यायला ये."

गल्ली गोळा झाली, लालासाहेब धावत आला, मला नगं नगं ते बोलला. "पाडलीस ना? आता तूच बांध!" मी म्हनलं, "माजीच चूक झाली, मालक." का म्हनलं, देव जाने. आन जाऊन तार केली.

मशीन दुसऱ्या ड्रायव्हरनं पाटणला नेलं. मी ऱ्हायलो. ओट्यावर ताडपत्री बांधून दिली, म्हातारी तिच्याखाली दोन दिवस ट्रंकंला टेकून बसली. ठेवनीतलं लुगडं नेसलेली. येनाऱ्या-जानाऱ्याला सांगायची, "पुन्याला चाललो बाई आमी."

तिसऱ्या दिवशी मानसिंग आला. हातातली पिशवी बी खाली ठेवली न्हाई.

"घर पडलं रं," राहीबाई म्हनली आन उठून चपला घातल्या.

त्येनं आत डोकावून बघितलं. "आई, घर कुठं पडलंय? एक भिंत पडलीय." मंग माज्याकडं वळला. "किती दिवसांत उभी राहील, ड्रायव्हर?"

महिना म्हनावं वाटलं, वरीस म्हनावं वाटलं, कवाच न्हाई म्हनावं वाटलं. तवर लालासाहेबच मधी बोलला, "पंधरा दिवसांत. ह्योच बांधतोय."

"मग झालं," मानसिंग म्हनला. दुपारच्या यष्टीनं गेला बी.

राहीबाई रडली न्हाई. ट्रंक सोडून तिनं एकेक भांडं भाईर काढलं. मी चिखल तुडवायला लागलो. तुडवता तुडवता म्हनलं, "मावशी, ह्या बारीला अशी बांधतो, भूकंप झाला तरी हलायची न्हाई."

ती म्हनली, "नगं रं बाबा. येवढी पक्की नगं बांधूस."