जन्मला म्हण

एलिया या ग्रीक शहरात 'नाही' म्हणायची लोकांना लाज वाटे. मासे संपले असं कोळणीनं म्हटलं, तरी एखादा दीडशहाणा थांबून विचारायचा, "जे नाही त्याबद्दल बोलतेस कशी, मावशी?" जे आहे ते आहे, ते जन्मत नाही आणि मरतही नाही, ही शहरातल्या थोर गुरूंची शिकवण. म्हातारा भला होता. चेल्यांनी शिकवणीची वाट लावली.

थ्रासोनच्या तर ते ऐकून तळपायाची आग मस्तकात जायची. त्याच्या धाकट्या भावाला, निकोनला, लिसानियासनं दारूच्या नशेत बंदराच्या पायऱ्यांवरून ढकलून दिलं होतं. निकोन जागीच गेला. खटल्यात लिसानियासनं भाऊबंदांच्या वेदीवर हात ठेवून शपथ घेतली, "मी निकोनला मारलेलं नाही," आणि वर पंचांना समजावलं, "मारणं म्हणजे 'आहे'चं 'नाही' करणं. ते होऊच शकत नाही. मग मी केलं काय?" पंचही गुरूंच्या पायाशी बसलेले. त्यांनी माना डोलावल्या आणि त्याला सोडून दिलं. निकोनची आई समोरच उभी होती, तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

थ्रासोन गप्प राहिला. लोकांना वाटलं, निवळला. कसला निवळतोय! लग्नानंतर कितीतरी वर्षांनी लिसानियासला मुलगा झाला, त्या दिवशी थ्रासोननं उंची वाइन आणली आणि एकट्यानं संपवली.

आपातूरियाच्या सणाला, म्हणजे नवी पोरं कुळात घ्यायच्या दिवशी, भाऊबंद त्याच वेदीपाशी जमले; थ्रासोन आणि लिसानियास दोघंही त्यातलेच. बापानं मूल आणायचं, बोकड वेदीवर चढवायचा, शपथ घ्यायची, की पोर भाऊबंदांत आलं. जे येत नाही त्याला बापाची जमीन मिळत नाही आणि शहरात कुणी विचारत नाही. एखाद्याची हरकत असेल तर त्यानं बोकड खाली ओढायचा. असं सहसा कुणी करत नसे.

लिसानियासनं सुरी उचलली. थ्रासोननं शिंग धरून बोकड खाली ओढला.

"डोकं फिरलंय का तुझं?" लिसानियास ओरडला.

"छे. शपथ घे की. 'हा माझ्या लग्नाच्या बायकोपोटी जन्मला.' जन्मला म्हण."

"शब्दांचे खेळ करू नकोस."

"तूच शिकवलेस, राजा. काहीच जन्मत नाही ना? मग हे पोर आधीपासूनच होतं? तुझ्या लग्नाच्याही आधी?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊबंदांतले वडीलधारे पोलिडेसकाका वैतागले. "अरे बाबा, जन्मला म्हण आणि मोकळा हो. आम्हाला भुका लागल्यात."

 लिसानियासनं बायकोच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं. "जन्मला," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

"जन्मला! माझा मुलगा जन्मला!"

"आधी नव्हता?"

"नव्हता!"

"म्हणजे 'नाही'चं 'आहे' होतं. मग 'आहे'चं 'नाही'ही होत असेल. माझा निकोन कुठाय?"

कुणी हसलं नाही. लिसानियासनं सुरी खाली केली. "मेला. मी ढकललं त्याला, मी मारलं. झालं समाधान? आता सोड तो बोकड."

झालं होतं. थ्रासोनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इतकं बरं त्याला निकोन गेल्यापासून वाटलं नव्हतं. पण शिंग त्यानं सोडलं नाही.

"काका, हा याच वेदीवर म्हणाला होता, मारलं नाही. आज म्हणतो, मारलं. खोटी शपथ घेणाऱ्याची शपथ आपण धरतो का?"

 पोलिडेसकाकांनी लिसानियासच्या हातातली सुरी काढून घेतली. "घरी ने पोराला," ते म्हणाले. "हे पोर तुझं आहे, हे सांगायला आता तुझा शब्द चालायचा नाही."

"काका, त्या पोराचा काय दोष?" लिसानियास म्हणाला.

"निकोनचा काय होता?" थ्रासोन म्हणाला.

पोर भोकाड पसरून रडायला लागलं. त्याची आई नवऱ्याकडे बघत होती. थ्रासोनला त्या मायलेकरांचीही दया आली नाही.