कुठं बसलंय?

बेगिमायला न्यायला तिचे आईबाप, तालाय आणि एल्नुरा, बिश्केक शहरातून येणार म्हटल्यावर माझी वहिनी, तालायची आई, सकाळपासून धुसफुसत होती. बोर्सोकच्या छोट्या पुऱ्या तळत होती आणि पोरीला पढवत होती, "येतेस का विचारलं की 'नाही' म्हणायचं. कळलं?" मी शेजारीच बसलेली. मी कशाला तोंड घालू?

पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही आमच्या नारीन भागातली रीत. अंगावरचं दूध सुटलं तशी वहिनीनं बेगिमायला उचलून आणलं. पोर तिला 'आपा', म्हणजे आई, म्हणायची आणि सख्ख्या आईला, एल्नुराला, ताई.

पोरगी मोठी तापट. चावायची. माझ्या दंडावर अजून वण आहे. पण वहिनीनं तिच्यावर हात उगारला नाही, हे मानायला हवं. मांडीवर घ्यायची नि विचारायची, "कुठं बसलंय?" पोर हात ठेवून दाखवायची. मुठीत असलं तर राग, पोटात असलं तर भीती, गळ्यात असलं तर रडू. खरं सांगितलं की निम्मं उतरतं म्हणे. मी हसायचे. पण पोर चावायची थांबली.

गाडी आली. जेवणाचा दस्तरखान अंथरला, एल्नुरा मान खाली घालून चहा ओतू लागली.

"आपा, सप्टेंबरात शाळा सुरू होतेय," तालाय म्हणाला.

"गावात शाळा नाही? तू काय चंद्रावर शिकलास?"

"तसं नाही गं."

"मग कसं? भाड्याच्या खोलीत कोंडणार तिला, दुसरं काय. आणि ही," वहिनीनं सुनेकडं बोट केलं, "हिला पोरीचं काय ठाऊक? जन्म दिला की झालं का? पोरीलाच विचारा. नाही म्हणाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

तालायनं बायकोकडं पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. माझ्या हातातला घास तसाच राहिला. ह्या एका शब्दावर पोरगी इथली की तिथली, ते ठरणार होतं.

"बोल गं," वहिनी म्हणाली. "बोल की, सकाळी काय सांगितलं तुला?" वहिनीचा हात असा आपटला की चहाची वाटी कलंडली नि चहा दस्तरखानभर पसरला.

बेगिमाय उठली, सरळ वहिनीसमोर जाऊन बसली.

"आपा, कुठं बसलंय?"

"कुठं नाही. गप बस."

"खोटं सांगितलं की तिथंच राहतं. तूच म्हणतेस."

वहिनीनं हात उचलून गळ्यावर ठेवला.

"मग हा राग नाहीये," पोर म्हणाली. "रडू आहे."

वहिनीचे डोळे वाहायला लागले. माझा भाऊ, तिचा नवरा, गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेली बाई ती. मला बघवेना.

पोर तेवढ्यावर थांबली नाही. एल्नुराकडं वळली. "ताई, तुझं कुठं?"

एल्नुरानं किटली खाली ठेवली. सासूकडं एकदा पाहिलं आणि हात छातीवर ठेवला, दूध उतरतं तिथं.

"आपा, इथं असलं तर काय असतं?" पोरीनं विचारलं. "हे तू शिकवलंच नाहीस."

वहिनीनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं. "मला ठाऊक आहे ते काय असतं," ती म्हणाली. "मीच ठेवलंय तिथं. तुला उचलून आणलं तेव्हा तिला कुणी विचारलंच नव्हतं गं. जा, तिच्या मांडीवर बस."

पोर गेली, बसली. तिचे बूट मी गाडीत नेऊन ठेवले, वहिनीच्यानं ते होईना.