सुनेचा दुभाषा

तीस वर्षं बस चालवली, पण बसमध्ये नुसतं बसायला मला सुनेनं शिकवलं. बाळ सहा आठवड्यांचं झालं तरी घरात तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. चालत्या बसमध्ये मात्र लागायचा. मग रोज दुपारी बाळाला आमच्या हिच्याकडे सोपवून आम्ही दोघं निघायचो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर धुक्यातून दुकानं, माणसं सावकाश सरकत राहायची. मलाही कधीकधी वाटायचं, बस जागच्या जागी उभी आहे आणि शहरच कुठेतरी निघालंय.

त्या दिवशी ती डोळे मिटूनच बोलली. "बाबा, ते बाळ माझं वाटतच नाही. कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखं वाटतं. हे इथल्या सरकारी लोकांना कळलं तर घेऊन जातील त्याला. मी नसले तरच बरं होईल त्याचं."

बस गच्च भरलेली, आणि आमची भाषा कळणारा मी एकटा.

यातलं निम्मं ती गेल्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगत होती. इथली भाषा तिला येत नाही, मुलगा बेकरीत कामावर, म्हणून दुभाषा मी. ती रडत रडत बरंच काही बोलली आणि मी म्हटलं, "थकलीय, बाकी ठीक आहे." आणि तिला सांगितलं, "त्या म्हणतात, झोप झाली की बरं वाटेल." मनात म्हटलं, घरचं घरात राहावं, लोक आधीच आपल्याला नावं ठेवायला टपलेले. माझ्यासारखा दीडशहाणा मीच.

पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि थेट दवाखाना गाठला. या वेळी एक शब्द गाळला नाही. शेवटचं वाक्यही सांगितलं.

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "हा आजार आहे आणि तो बरा होतो. डॉक्टर आत्ताच बघतील तिला. तोवर तिला एकटीला सोडू नका. आणि बरं वाटत नाही असं सांगितलं म्हणून बाळ कुणी नेत नाही, एवढं तिला नक्की सांगा."

मी सगळं सुनेला सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"हे त्या म्हणाल्या, की तुम्ही?"

अख्ख्या जन्मात मला कुणी इतकं बरोबर पकडलं नव्हतं.

"त्याच म्हणाल्या," मी म्हटलं. "मागच्या वेळचं माझं होतं. चुकलं माझं."

ती नर्सबाईंकडे वळली. "मग सांगा त्यांना. मला माझीच भीती वाटते."

मी जसंच्या तसं सांगितलं.